तहान उन्हाची आणि तहान साखरेची

या मालिकेत आपण बहुतेक वेळा राजवटींचा, गिरण्यांचा, चळवळींचा इतिहास ऐकतो. आज एका लक्षणाचा इतिहास ऐकू या. लक्षण अगदी साधं आहे, तहान. मधुमेहाच्या माणसाची साखर जीवघेणी वाढते, तेव्हा ती ओळखायला आणि उतरवायला माणूस कसा शिकला, हे आपण पाहणार आहोत. आणि एवढं शिकूनही आपल्या सोलापुरात ती ओळखायला उशीर का होतो, तेही पाहणार आहोत.

आधी आमच्या घरातली एक गोष्ट. १९९० च्या दशकातला मे महिना. आजीला ‘थोडी शुगर’ होती. म्हणजे सकाळी एक गोळी आणि चहात साखर नाही, एवढंच. त्या मे महिन्यात आजी सारखं पाणी मागू लागली. रात्री चार-चार वेळा उठू लागली. आम्ही म्हणालो, ऊन काय कमी आहे का! मग उन्हावर जे करतात ते आम्ही केलं. कलिंगड आणलं, पन्हं केलं, संध्याकाळी उसाचा रस. तिची तहान वाढतच गेली. पाचव्या-सहाव्या दिवशी ती गप्प राहू लागली, मग माणसं ओळखेना. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा साखर सातशेच्या पुढं होती. डॉक्टरांनी शर्थ केली, पण आजी घरी आली नाही. आम्ही तिला प्रेमानंच रस पाजत होतो.

आता बघा, सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांचा. इथं घसा कोरडा पडला तर कुणाला आजार आठवत नाही, ऊनच आठवतं. आणि साखर वाढल्याची पहिली खूण नेमकी तीच, तहान. म्हणून हा इतिहास आपल्या गावात बसून ऐकायला हवा.

ही खूण नवी नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या रोग्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मतःच रोग घेऊन आलेला, दुसरा चुकीच्या आहार-विहारानं रोग ओढवून घेतलेला. पहिला कृश, रुक्ष, कमी खाणारा आणि फार तहानलेला. दुसरा स्थूल, खूप खाणारा, बसून-झोपून राहणारा. आज आपण ज्याला टाइप वन आणि टाइप टू म्हणतो, त्याच्या बरंच जवळ जाणारं हे निरीक्षण आहे. चरकसंहितेत तर रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हेही नोंदवलेलं आहे. तिकडे आजच्या तुर्कस्तानात, कप्पाडोशियात, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास अरेटियस नावाच्या वैद्यानं लिहून ठेवलं की या रोगात मांस जणू वितळून लघवीवाटे वाहून जातं आणि तहान काही केल्या भागत नाही.

तहान आणि गोड लघवी, दोन्ही दिसत होतं. पण दोन्हींचा संबंध काय? त्याचं उत्तर यायला फार काळ लागला. १६७४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिसनं या रोगातली लघवी मधासारखी गोड असल्याचं लिहिलं. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननं लघवी आटवली, तेव्हा भांड्याच्या तळाशी साखर उरली. त्यानं रक्तातला पातळ भागही तपासला, तर तोही गोड. म्हणजे दोष फक्त मूत्रपिंडाचा नाही, साखर रक्तातच वाढलेली आहे.

आता हिशोब सोपा होतो. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती अडवून धरू शकत नाहीत. साखर लघवीत उतरते आणि उतरताना पाणी ओढून नेते. पाणी गेलं की तहान लागते. त्या तहानेला आपण रस किंवा सरबत दिलं, तर साखर आणखी वाढते, आणखी पाणी जातं, आणखी तहान लागते. रहाटगाडगंच सुरू होतं. आमच्या आजीचं नेमकं हेच झालं.

पण साखर वाढलेला माणूस मरतो कसा? इथं १८७४ साल महत्त्वाचं. जर्मनीत फ्रायबुर्गला अडॉल्फ कुसमॉल नावाचे प्राध्यापक होते. मधुमेहाचे काही रोगी शेवटच्या दिवसांत विचित्र श्वास घेतात, हे त्यांनी नोंदवलं. श्वास खोल, मोठा, न थांबणारा, जणू हवा पुरतच नाही. पण छाती तपासावी तर फुप्फुसं साफ. हवा व्यवस्थित आत जाते आहे, आणि तरी माणूस हवेसाठी तडफडतो आहे. आजही डॉक्टर या श्वासाला कुसमॉलचंच नाव देतात. पुढच्या दहा-बारा वर्षांत कारण कळलं. इन्शुलिन नसल्यामुळे शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळू लागतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. रक्त आंबट होतं. ते आम्ल श्वासावाटे बाहेर टाकण्याची ती धडपड असते. तोंडाला पिकलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येतो. मळमळतं, उलट्या होतात, पोट दुखतं, आणि शेवटी शुद्ध हरपते. याला आज कीटोॲसिडोसिस म्हणतात.

त्याच दशकात आपल्याकडं काय चाललं होतं? १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ. दख्खनच्या ज्या जिल्ह्यांनी तो भोगला, त्यांत सोलापूर होतं. गावं रिकामी झाली. आणि त्याच सुमाराला सोलापुरात जुन्या गिरणीची चिमणी उभी राहिली. दुष्काळ आणि गिरणी यांकडं आपण पुन्हा येणार आहोत, तेव्हा लक्षात ठेवा.

कुसमॉल यांना मरण ओळखता आलं, थांबवता आलं नाही. इन्शुलिनच्या आधी कीटोॲसिडोसिसच्या बेशुद्धीत गेलेला रोगी जवळजवळ कधीच परतत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी उपासमारीचा उपचार काढला. मुलांना जेमतेम जगण्यापुरतं खायला द्यायचं, म्हणजे आम्ल होत नाही. मुलं काही महिने, काही वर्षं जास्त जगायची, पण हाडांचे सापळे होऊन.

मग १९२२ साल आलं. आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० चे, सोलापूरचे. जानेवारी १९२२ मध्ये ते ११ वर्षांचे शाळकरी पोर होते. त्याच महिन्यात कॅनडात टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांच्याहून थोडा मोठा लेनर्ड थॉम्पसन पडून होता. वजन तीस किलोसुद्धा नाही. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर आजमावलेला स्वादुपिंडाचा अर्क ११ जानेवारीला त्याला टोचला. फार उपयोग झाला नाही, अर्क अशुद्ध होता, सुईच्या जागी गळू झालं. जेम्स कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध केला, आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचला. या वेळी साखर उतरली, लघवीतले कीटोन गेले. लेनर्ड पुढं १३ वर्षं जगला. बँटिंग आणि मॅक्लाउड यांना १९२३ मध्ये नोबेल मिळालं. शोधकांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले.

आपल्याला वाटतं, इथं गोष्ट संपली. औषध सापडलं, रोग हरला. पण तसं झालं नाही. इन्शुलिन हाताशी असूनही माणसं मरत राहिली, आणि त्यातून वैद्यकाला आणखी तीन गोष्टी शिकाव्या लागल्या.

पहिली गोष्ट पाण्याची. हा धडा मधुमेहाआधी पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं दिला होता. आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. एकोणिसाव्या शतकात वारीत पटकी शिरली की काय व्हायचं, हे जुन्या पिढ्यांना वेगळं सांगावं लागत नसे. पटकीत माणूस जंतूपेक्षाही पाणी आणि मीठ निघून गेल्यानं मरतो, हे कळल्यावर स्कॉटलंडच्या थॉमस लॅटा यांनी १८३२ मध्ये शिरेतून खारं पाणी दिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी तो उपचार सुधारला आणि मृत्यू पुष्कळ कमी केले. साखरेच्या बेशुद्धीतही असंच असतं. मोठ्या माणसाच्या अंगातून सुमारे सहा लिटर पाणी निघून गेलेलं असतं. म्हणून आज हॉस्पिटलमध्ये अशा रोग्याला सगळ्यात आधी सलाइन लावतात. पहिल्या काही तासांत ती वेगानं जाते. निव्वळ पाण्यानंही साखर उतरायला लागते.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची. इन्शुलिन दिल्यावर साखर उतरायची, शुद्ध यायची, आणि काही तासांनी रोग्याचे स्नायू ढिले पडून श्वास किंवा हृदय थांबायचं. १९४६ मध्ये अमेरिकेत जेकब होलर यांनी अशा रोग्यात रक्तातलं पोटॅशियम घसरल्याचं दाखवलं. इन्शुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींच्या आत ढकलतं. म्हणून आज आधी पोटॅशियम तपासतात, आणि ते फार कमी असेल तर ते भरून काढेपर्यंत इन्शुलिन थांबवून ठेवतात. घरच्या घरी जास्तीचं इन्शुलिन टोचून साखर पाडायचा प्रयत्न का करू नये, याचं हे एक कारण.

तिसरी गोष्ट प्रमाणाची. पन्नास वर्षं डॉक्टरांचा समज होता की रोग जितका भयंकर, तितकं इन्शुलिन जास्त. एका दिवसात शेकडो युनिट देत. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉर्ज अल्बर्टी आणि इतरांनी दाखवलं की दर तासाला थोडंथोडं इन्शुलिन तेवढंच काम करतं, आणि साखर किंवा पोटॅशियम एकदम कोसळण्याचा धोका कमी होतो. आज साधारण दर किलोला ०.१ युनिट, दर तासाला, असं देतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला सहा युनिट. धीरानं, मोजत मोजत.

पण आमच्या आजीच्या तोंडाला वास नव्हता, श्वास मोठा नव्हता. मग तिला काय झालं होतं? मँचेस्टरच्या ज्युलियस ड्रेशफेल्ड यांनी १८८६ मध्येच सांगितलं होतं की मधुमेहातली बेशुद्धी एकाच प्रकारची नसते. पण ते मागं पडलं. १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सेमेंट आणि श्वार्ट्झ यांनी कीटोन नसलेल्या बेशुद्धीचा रोगी नीट वर्णन केला. यात शरीरात थोडं इन्शुलिन असतं, आम्ल होण्याएवढी चरबी जळत नाही, पण साखर चढत चढत सहाशेच्या पुढं जाते. पाणी तर नऊ-नऊ लिटर निघून जातं. हे बहुतेक वयस्कर, टाइप टूच्या माणसात होतं, आणि हळूहळू, आठवडाभरसुद्धा लागतो. माणूस सुस्त होतो, बरळतो, कधी अर्धांगवायू झाल्यासारखा दिसतो. घरचे म्हणतात, वय झालं. या प्रकारात मृत्यूचं प्रमाण कीटोॲसिडोसिसपेक्षा आजही कितीतरी जास्त आहे. म्हातारं माणूस, उन्हाळा आणि भागत नसलेली तहान एकत्र आली की सोलापुरात आधी हा विचार करायचा.

मोजण्याचाही इतिहास आहे. जुन्या मंडळींना बेनेडिक्टचं निळं द्रावण आठवत असेल. त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं. निळंच राहिलं तर ठीक, हिरवं, पिवळं, आणि विटेसारखं लाल झालं की साखर भरपूर. पण लघवी मागच्या काही तासांची हकीकत सांगते, आत्ताची नाही. १९६५ च्या सुमारास रक्ताच्या थेंबानं रंग बदलणारी पट्टी आली, १९७० नंतर ती वाचणारं यंत्र. आज तेच ग्लुकोमीटर घराघरात आहे. आजीच्या वेळी आमच्या घरात असतं, तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं.

आता दुष्काळ आणि गिरणीकडं परत येऊ. १९७० च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं देशात सहा ठिकाणी पाहणी केली, त्यात पुणं होतं. शहरात मधुमेह सुमारे २ टक्के, खेड्यात त्याहून कमी. त्याच परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही, म्हणजे प्रौढांत ११ टक्क्यांच्या वर. हे कसं झालं? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या आया आणि बाळं अभ्यासली. आपली बाळं वजनाला हलकी, पण त्या मानानं चरबी जास्त, हे त्यांनी दाखवलं. पिढ्यान् पिढ्यांच्या अर्धपोटी आयांशी त्याचा संबंध ते जोडतात. दुष्काळानं घडवलेली शरीरं गिरणीच्या, बाजाराच्या, भरल्या ताटाच्या शहरात आली, असं आपण समजू शकतो. म्हणून ‘इतका बारीक माणूस, त्याला कसली शुगर’ हे वाक्य आपण टाकून द्यायला हवं.

आणि २०२१ आपण विसरलेलो नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत जीव वाचवायला स्टेरॉइड द्यावी लागली. स्टेरॉइडनं साखर वाढते. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नव्हतं. वाढलेली साखर आणि आंबट झालेलं रक्त यांत काळ्या बुरशीला, म्युकरमायकोसिसला, रान मोकळं मिळतं. जूनअखेरपर्यंत देशात ४० हजारांहून जास्त रोगी नोंदले गेले, आणि महाराष्ट्र सगळ्यात जास्त झळ बसलेल्या राज्यांत होता. माणसं करोनातून वाचली आणि डोळा, जबडा गमावून बसली. स्टेरॉइड सुरू असताना साखर मोजायची, एवढा धडा आपण तेव्हा फार महागात शिकलो.

मग या सगळ्यातून घरी काय न्यायचं? मधुमेह असो वा नसो, तहान आणि लघवी दोन्ही वाढली तर साखर मोजायची. उन्हानं तहान लागते तेव्हा लघवी कमी आणि पिवळी होते. साखरेनं लागते तेव्हा पाणी पिऊनही लघवी भरपूर होत राहते. उन्हाची तहान आणि साखरेची तहान यांतला हा घरी दिसणारा फरक. कपडे सैल होणं, दिसायला धूसर होणं, ओल न करणारं मूल पुन्हा अंथरुण ओलं करू लागणं, ही त्याचीच भावंडं. मुलाचं पोट दुखतंय, उलट्या होतायत, श्वास मोठा चाललाय, तर नुसतं अपचन म्हणून सोडू नका.

साखर पुन्हा पुन्हा तीनशेच्या वर येत असेल तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. सोबत उलट्या, मोठा श्वास, फळासारखा वास, सुस्ती किंवा बरळणं असेल, किंवा यंत्र आकड्याऐवजी ‘हाय’ दाखवत असेल, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. माणूस शुद्धीत असेल तर साधं पाणी घोट घोट द्या. रस, सरबत, शीतपेय नको. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालू नका. ताप-उलट्यांत जेवण जात नाही म्हणून इन्शुलिन आपल्या मनानं बंद करू नका, आजारपणात शरीराला ते जास्तच लागतं. ‘फ्लोझिन’ नावाच्या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांत साखर फार न वाढताही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, तेव्हा उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा.

आणि उलटा धोकाही लक्षात असू द्या. घाम, थरथर, एकदम आलेली भोवळ ही साखर कमी झाल्याची खूण. ती मिनिटांत येते, वाढलेली साखर तासांत किंवा दिवसांत. यंत्र असेल तर आधी मोजा. नसेल आणि माणूस गिळू शकत असेल, तर अशा वेळी साखर द्यायलाच हवी.

सुश्रुतापासून अल्बर्टींपर्यंत हा रस्ता हजारो वर्षांचा आहे. सलाइन, पोटॅशियम, इन्शुलिन, सगळं आज आपल्या सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत पोचलेलं आहे. उरलेला टप्पा आपल्या माजघरापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंतचा, आणि तो डॉक्टरांना चालता येत नाही, आपल्यालाच चालावा लागतो. येत्या मे महिन्यात घरातलं कुणी तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या मागेल, तेव्हा ऊन फार आहे म्हणण्याआधी एकच विचारा, रात्री किती वेळा उठलात?

आता तुमचे प्रश्न घेऊ.